फॉर्मवरचा ऊस

बिराप्पा गोरड आटपाडीच्या सोसायटीत बत्तीस वर्षं सचिव होता. मागच्या मार्चमध्ये तो निवृत्त झाला. मी पुढच्या मार्चमध्ये होईन. त्याच्या निरोपाला मला चार शब्द बोलायला बोलावलं होतं. तो वेळेचा पक्का आहे, साधा आहे, एवढं सांगून मी खाली बसलो. सांगायचं होतं ते राहिलं. ते इथे लिहितो.

१९७७ साली आम्ही सांगलीला कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वसतिगृहात दोघांची खोली एकच. एका संस्थेने शेतकरी घरातल्या दोन विद्यार्थ्यांना सहा आठवडे इंग्लंडला पाठवायचं ठरवलं, आणि कॉलेजने आमची नावं दिली. माझं अक्षर चांगलं आणि इंग्रजी बरं, म्हणून दोघांचेही फॉर्म मी भरले. वडिलांचा व्यवसाय या रकान्याशी आल्यावर बिराप्पा म्हणाला, "मेंढरं लिव."

माझं घर कऱ्हाडजवळचं, उसाचं. दरवर्षी दिवाळीनंतर आटपाडीकडचे धनगर आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला येत. त्यांचं धान्य आम्ही बांधावर नेऊन देत असू. त्यांना घरात, सोप्यात या असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. अशा घरातल्या मुलाबरोबर आपण परदेशात जाणार, तिथले लोक आपल्यालाही त्यातलाच समजतील, असं माझ्या मनात आलं. मी "ऊस शेती" असं लिहिलं.

बिराप्पा शेजारी उभा राहून वाचत होता. "आमच्यात प्यायला पानी न्हाई, लाला, आनि तू ऊस लावलास व्हय?" असं म्हणून तो हसला. साहेब लोकांना असंच सांगायचं असतं, असं मी त्याला समजावलं. त्याने खाली सही केली.

एप्रिलच्या मध्याला आम्ही उत्तर इंग्लंडमधल्या एका डोंगराळ खेड्यात पोचलो. पहिले दोन दिवस मला सगळ्यात जास्त जाणवली ती शांतता. रस्त्यावर माणूस दिसेना. डोंगरावर मैलोन् मैल दगडी गडगे, त्यांच्या आत हिरवं गवत आणि उन्हातही दात वाजतील असा गारठा. आमचे यजमान मिस्टर थॉर्प गावाच्या पंचायतीचे अध्यक्ष होते. त्यांच्याकडे मोटार होती, बैठकीत पियानो होता, आणि भिंतीवर बक्षिसांच्या फिती ओळीने लावल्या होत्या. त्या सगळ्या मेंढ्यांच्या होत्या. थॉर्प मेंढपाळ होते. लेंड्यांनी भरलेले बूट दारात काढून ते जेवायला बसत, आणि त्यांच्या घरात कुणालाही त्यात कमीपणा वाटत नव्हता.

बिराप्पाचा चेहरा पहिल्यांदा खुलला तो गोठ्यात. पहिल्याच जेवणाला त्याने तोंड उघडलं तेव्हा तो काय सांगणार हे मी ओळखलं आणि टेबलाखालून त्याचा पाय दाबला. मराठीत म्हणालो, "गप रं. फॉर्मवर ऊस हाय. खोटं लिवलं म्हनून परत धाडतील." थॉर्पनी त्याला उसाला पाणी किती दिवसांनी देता असं विचारलं. तो माझ्याकडे पाहू लागला. उत्तर मी दिलं.

दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी थॉर्प बाजाराला गेले होते. सकाळी एका मेंढीला जुळं झालं. तिने एक कोकरू चाटून घेतलं आणि दुसऱ्याला ढुशी मारून लोटलं. थॉर्पबाई बाटलीने दूध पाजायला बघत होत्या, पण ते तोंडच उघडेना. थंडीने त्याचे पाय ताठत चालले होते.

बिराप्पा माझ्या कानाशी म्हणाला, "मी करू का? मीठ चोळून, तिचंच दूध त्येच्या शेपटीला लावलं की चाटती ती. आमच्यात बायासुद्धा करत्यात."

मी म्हणालो, "ऊसवाल्याच्या पोराला हे कुठनं ठावं, असं इचारलं तर?"

तो तिथेच उभा राहिला. हात कोटाच्या खिशात घालून उभा राहिला. दुपारी बाराच्या आत कोकरू गेलं. बाईंनी ते पोत्यात गुंडाळून बाहेर नेलं.

संध्याकाळी थॉर्प परत आले. बिराप्पाने मला न विचारता, मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना सांगितलं, की माझे वडील मेंढपाळ आहेत, दोनशे मेंढरं आहेत, मला येत होतं आणि मी केलं नाही. थॉर्पनी विचारलं, मग फॉर्मवर दुसरंच का? मी ताटात बघत होतो. बिराप्पा स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "ते मी लिहिलं. मला लाज वाटली."

थॉर्प उठले. कपाटातून संस्थेने पाठवलेले दोन्ही फॉर्म काढून त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर एकाच हाताचं अक्षर होतं, आणि तेच सफाईदार इंग्रजी. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, कागद परत ठेवले आणि बिराप्पाला घेऊन गोठ्यात गेले. उरलेले दिवस बिराप्पा तिथेच असायचा. शेजारपाजारचे मेंढपाळ त्याचं काम बघायला यायचे. मी बटाटे सोलायचो.

परतल्यावर त्याच्या वडिलांनी, जोतीरामबापूंनी, मला आग्रहाने आटपाडीला बोलावलं. बिराप्पाच्या आईने, भामाबाईंनी, घोंगडं अंथरलं, जेवण वाढलं. बापू तिकडच्या मेंढरांविषयी विचारत राहिले: लोकर कशी, कुत्री कशी, कोकरं मरत्यात का. बिराप्पा म्हणाला, "मी हुतो तवा एक मेलं." त्याने माझं नाव घेतलं नाही.

तेव्हा मी सगळं सांगितलं. फॉर्म, पाय दाबला ते, गोठ्यात बोललो ते. बापूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. रागावतील, निदान ऊसवाल्यांना दोन शब्द ऐकवतील, असं मला वाटलं होतं.

त्यांनी एवढंच विचारलं, "नर हुतं का मादी?"

मला माहीत नव्हतं. मी तेवढंही पाहिलं नव्हतं.

"मादी," बिराप्पा म्हणाला.

बापू हळहळले. "कळप वाढला असता तिच्यानं," म्हणाले, आणि भामाबाईंकडे वळले: "पावन्याला भाकरी वाढ."