लाल फुली

माझा डावा पाय लहानपणच्या पोलिओनं बारीक राहिला. पण त्या पायासाठी मी कुणाकडे कधी काही मागितलं नाही, याचा मला जन्मभर ताठा होता. रत्नागिरीतली आमची कचेरी टेकाडावर होती. खाली उंडीच्या झाडाखाली गाड्या लावायच्या आणि जांभ्या चिऱ्याच्या साठ पायऱ्या चढून वर यायचं. बाजूनं एक कच्चा रस्ता वळसा घेऊन वर जायचा, पण तो साहेबांच्या जीपसाठी. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. मी रोज काठी टेकत त्या पायऱ्या चढायचो. कुणी आधाराला हात पुढे केला तर त्याच्याकडे असं बघायचो की तो पुन्हा त्या वाटेला जात नसे.

अशात केळशीकडचा एक कारकून बदलून आमच्याकडे आला. तिशीचा, रुंद खांद्यांचा, हसरा, मोटारसायकलवरून येणारा. पहिल्याच आठवड्यात त्याची गाडी त्या कच्च्या रस्त्यानं थेट वर येऊन व्हरांड्याच्या कडेला लागू लागली. तीही उताराकडे तोंड करून. संध्याकाळी हा किक मारायचा नाही. गाडी उतारावर सोडायची, गिअर टाकायचा, की झाली फटफट सुरू. काय हा थाट, असं मला वाटायचं. आमचा शिपाई तर उघडच म्हणायचा, "गडी कसा रेड्यासारखा हाय, नि ह्येला पायऱ्या नकोत!"

एकदा सकाळी त्यानं पायऱ्यांपाशी माझ्याजवळ गाडी थांबवली. "बसा मागे. परवानगी गाडीला आहे, मागे कोण बसलंय ते कुणी विचारत नाही."

"मला पाय आहेत," मी म्हणालो आणि चढायला लागलो.

मी हेडक्लार्क, आस्थापनेचं टेबल माझं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "तब्येतीचं कारण आहे. मी सांगितलंय त्याला, वर लाव म्हणून." मी म्हटलं, तोंडी कसं चालेल साहेब, कागद हवा. साहेब कंटाळले. "घ्या मग कागद त्याच्याकडून, आणि काढा ऑर्डर."

त्यानं डॉक्टरचा दाखला आणून माझ्या टेबलावर ठेवला. लहानपणी सांधेताप येऊन हृदयाची झडप खराब झाली होती. चढ चढू नये, जड उचलू नये, दम लागेल असं काही करू नये. मी दोनदा वाचलं आणि माझा विश्वास बसला नाही. एवढं धूड चालवतो, आणि साठ पायऱ्यांनी याचं काय बिघडतं?

"हे फायलीतच राहू दे हां," तो हळूच म्हणाला. "आधीच्या कचेरीत कळलं आणि मला कॅरमला बोलवायचे बंद झाले. खुर्ची ओढली तरी कुणीतरी धावायचं. इथे अजून मी चारचौघांसारखा आहे. तुम्हाला तर माहीतच आहे लोक कसे बघतात ते."

ते 'तुम्हाला तर' मला असं झोंबलं म्हणून सांगू! कालचा आलेला हा मोटारसायकलवाला मला आपल्या पंगतीला बसवत होता.

आमच्याकडे रीत अशी की कुणाला काही सवलत मिळाली की ती ऑर्डर आठ दिवस फळ्यावर लावायची, म्हणजे मागून कुरबूर नको. लावायची ती फक्त ऑर्डर. मी ऑर्डर लावली आणि तिच्याखाली दाखलाही टाचला. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. टाचणी दाबताना मला बरं वाटलं, हे आता कबूल करतो.

मधल्या सुट्टीत फळ्यापुढे गर्दी झाली. दोन दिवसांत त्या माणसाचा पेशंट झाला. कॅरमच्या खोलीत त्याचा नेम सगळ्यांत चांगला, पण आता त्याला, "तुम्ही बसा हो, नुसते बघा," असं सांगू लागले. हिशेबाच्या टेबलावरच्या बाई त्याच्यासाठी डब्यातून पेज आणू लागल्या. शिपाई त्याच्या हातातून फायली काढून घेऊ लागला. सगळे प्रेमानंच करत होते. तो हसायचा, पण बोलणं कमी झालं. माझ्याशी भांडायला येईल म्हणून मी नियम पाठ करून बसलो होतो. तो आला नाही. शनिवारी मी दाखला फळ्यावरून काढून फायलीत लावला.

सोमवारी त्याची गाडी खाली उंडीच्या झाडाखाली होती. तो पायऱ्या चढत होता. वीसेक पायऱ्या झाल्या की भाट्याच्या समुद्राकडे बघत उभा राहायचा, जणू आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र बघतोय. मी काठी टेकत त्याला मध्यावर गाठलं. ओठ निळसर झाले होते, मान घामानं भिजली होती. दाखल्यावर माझा विश्वास बसला तो तिथे.

"गाडी वर आणा," मी म्हणालो. "तो कागद मी काढलाय."

त्यानं आधी श्वास घेतला. "कागद काढलात. लोकांनी वाचलंय ते कसं काढणार?" आणि थोड्या वेळानं, "तुम्ही कधी केलात काय अर्ज? नाही ना? मग मीच कशाला?"

मी घड्याळ बघितलं.

"चला तुम्ही पुढे," तो म्हणाला. "मस्टर तुमच्याकडे."

मी पुढे गेलो. मस्टर उघडून माझी सही केली. साडेदहा वाजले की ज्यांची चौकट रिकामी तिथे लाल शाईची फुली मारायची, हे माझं काम. अशा तीन फुल्या झाल्या की एक किरकोळ रजा जायची. मी त्याच्या चौकटीत फुली मारली. तो आला, फुलीवर सही केली. दोन महिने हे असंच चाललं. मग त्यानं बदली मागून घेतली. 'चुकलो' एवढाच शब्द होता, तोही माझ्याच्यानं म्हणवला नाही. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही.

त्या कचेरीत मी चौदा वर्षं काढली. माझ्या चौकटीत एकही फुली नाही. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरायचं, काठी सरकायची, आणि मी कधी पावणेअकराला पोचायचो. पण मस्टरच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात असायची. मी आल्यावर कपाट उघडायचं आणि माझी सही झाली की मगच आमचे साडेदहा वाजायचे. ही सवलत आहे असं मला कधी वाटलं नाही, कारण ती कुठल्या फळ्यावर लागली नव्हती. त्या दिवशी मी पाच मिनिटं त्याच्याशेजारी पायरीवर बसलो असतो, तर साडेदहा दोघांसाठीही थांबले असते.