पायरीखालची जागा

नागपूर स्टेशनवर मला पोचवायला बाबा आणि माझी धाकटी बहीण पुष्पा आले होते. आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मुंबईला जाऊन विमान धरायचं, पुढे शिकागो, समाजशास्त्राची पीएच.डी. तिकिटावरचा डब्याचा नंबर मी तीनदा वाचला होता आणि पाटी बघून आम्हा तिघांना प्लॅटफॉर्मच्या पार एका टोकाला नेऊन उभं केलं होतं. पुष्पाने इकडेतिकडे पाहिलं, माझी ट्रंक उचलली आणि ती सरळ मागे चालू लागली. "हमाल सारे तिकडं जाऊन राहिले. आपला डबा तिथंच लागन," ती म्हणाली. डबा तिथेच लागला. ट्रंक आत सरकवताना बाबा कौतुकाने म्हणाले, "पुष्पीले दिसते." मी आमच्या गल्लीतून परदेशी जाणारी पहिली मुलगी, आणि निघतानाही कौतुक व्हायचं ते तिचं. गाडी हलली तशी पुष्पा रडू लागली. मला रडू आलं नाही, कारण मला राग आला होता.

हे लिहायला पन्नाशी जवळ यावी लागली. माझ्यासारखे जे निघून आले आणि जे तिकडेच राहिले, त्या दोघांनीही वाचावं म्हणून लिहिते आहे. बहिणीबहिणींत थोडा हेवा असायचाच, असं लोक हसून सांगतात. माझा थोडा नव्हता.

बाबा इतवारीत धान्याच्या एका पेढीवर मापारी होते. सौदा ठरला की पोती तोलायची, हे त्यांचं काम. त्यांच्या शाळेची वर्षं त्याच बाजारात गेली, म्हणून आम्हा दोघींच्या शिक्षणासाठी ते हटून बसले. धम्मदीक्षा घेतल्यापासून ते कोणापुढे वाकत नसत. पण पेढीच्या पायऱ्या चढून आतल्या गादीवर बसायचं, तर ज्याला मालक बोलावील तोच बसे, आणि आम्हाला कोणी बोलावत नसे. दुपारी बाबांचा डबा घेऊन जायचं तर पायरीखाली, लोकांनी काढून ठेवलेल्या चपलांपाशी बसायचं. बाबा तोलाई आटोपून तिथेच येऊन जेवत.

मी दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला तिथे बसलेली पाहिलं. त्यानंतर डबा न्यायची वेळ झाली की माझा गृहपाठ निघायचा, पोट दुखायचं, काहीही व्हायचं. "चाल ना वं," बाबा सकाळी म्हणत, "दोघीबी याल तर तिघं मिळून जेवू." मी पुस्तकातून मान वर करत नसे. पुष्पा एकटी जाई आणि कधीही कुरकुरत नसे, याचा मला आणखीच राग येई.

संध्याकाळी ती बाजाराच्या बातम्या सांगे. तिला आतलं बोलणं ऐकू येत नसे, पण चपला दिसत. तेलघाणीवाल्याच्या चपला चार दिवस झाले, डाळवाल्याच्या पायरीशी असतात. त्याने आज त्या बाहेर तोंड करून ठेवल्या, म्हणजे त्याला बसायचं नव्हतं. अमक्या दलालाच्या चपला असल्या की तमका आत पाऊल टाकत नाही, समोर उभा राहून पान खातो. आठवड्याभरात त्या दोघांचं बिनसल्याची बातमी बाबाच घेऊन येत, आणि पुष्पाकडे बघून हसत. "शशीले वाचता येते, पुष्पीले दिसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्यांना वाटे, दोघींना सारखंच वाटून दिलं. वाचता तर गल्लीतल्या कोणालाही येतं, असं मला वाटे.

पुढे मी एम.ए. झाले आणि शिष्यवृत्ती मिळाली. त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली. घरी कोणीतरी थांबायला हवं होतं. पुष्पा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. बाबा तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जिले वाचता येते तिनं जावं. जिले दिसते तिले इथंबी दिसते." पुष्पाने कॉलेज सोडलं आणि आई गेल्यावर एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. मी मात्र त्या वाक्याचा अर्थ असा लावला की, ती कुठेही चमकेल, मला तेवढं पाठवून द्यावं लागतं.

शिकागोला माझ्या मार्गदर्शकांनी मला शेअरबाजाराच्या एका नव्या शाखेत पाठवलं. ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा किंवा देण्याचा नुसता हक्क तिथे विकला जाई. हे मी घरी सविस्तर लिहिलं, तर बाबांनी पुष्पाकडून कळवलं, म्हणजे आपल्या बाजारात लावतात ती तेजी-मंदीच, त्यासाठी इतकं दूर काहून गेली. आमच्या समोरच्या इमारतीतले अर्थशास्त्रवाले म्हणत की भाव म्हणजे सगळ्यांच्या माहितीची बेरीज, तो कोण बोलला याने काही फरक पडत नाही. कंपन्या आणि कचेऱ्यांचा अभ्यास करणारे विचारत, छापलेले नियम कोणते आणि खरे पाळले जाणारे कोणते? आम्ही समाजशास्त्रवाले म्हणत होतो की बाजारसुद्धा एक मोहल्लाच असतो, तिथेही आपले-परके असतात, मान असतो, रुसवे असतात. म्हणायला सोपं होतं. दाखवायचं कसं, ते कोणाला माहीत नव्हतं, आणि ते दाखवायचं काम माझं होतं.

सौद्यांची जागा म्हणजे उतरत्या पायऱ्यांचा एक खड्डा, त्यात दाटीवाटीने उभे असलेले रंगीत कोटांतले पुरुष, आणि सकाळपासून आरडाओरडा. तळहात आपल्याकडे केला की घेणार, बाहेर केला की देणार. मी छातीवर बिल्ला लावून कोपऱ्यात उभी राहत असे आणि वह्या भरत असे. हातांची प्रत्येक खूण मी टिपली. कोडं एवढंच होतं की पलीकडून कोणी चांगला भाव ओरडत असताना माणूस तो सोडून शेजाऱ्याचा वाईट भाव का उचलतो? तो बहिरा नव्हता आणि मूर्खही नव्हता. आठ महिने माझं घोडं तिथेच अडलं. मार्गदर्शक सज्जन होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर मला परतीचं तिकीट दिसू लागलं होतं.

एका एरोग्रामवर मी हे सगळं पुष्पाला लिहिलं. सल्ला मागितला नव्हता, नुसतं गाऱ्हाणं होतं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तिने आम्ही घरात बोलतो तसंच लिहिलं होतं. "ताई, तू हात पाहून राहिली. हात तर दुसऱ्याले दाखवासाठीच वर करतात. पाय कोणापाशी आहेत ते पाह. कोण आला की कोण सरकून जागा देते ते पाह. एवढ्या गोंधळात ऐकण्यात चूक तर होतच असन. मग ज्याले उद्याबी बाजूलेच उभं राहाचं आहे, तोच चुकीचा तोटा अर्धा आपल्या अंगावर घेईन. दूरचा काहून घेईन?"

पत्र वाचून आनंद व्हायला हवा होता. मी ते घडी करून उशीखाली टाकलं आणि दोन दिवस खड्ड्याकडे फिरकले नाही. कॉलेज अर्धवट सोडलेल्या, खड्डा डोळ्यांनी न पाहिलेल्या मुलीने नागपुरातल्या दोन खोल्यांतून ते पाहिलं, जे मी समोर उभी राहून आठ महिने पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी खाली बघायला लागले. कोण कुठल्या पायरीवर उभा राहतो, कोणाची जागा तो आजारी असतानाही रिकामी ठेवतात, कोण आला की दोघं बूट सरकवतात. महिन्याभरात नकाशा तयार झाला, आणि त्या नकाशावर सौदे मांडले तर ते शेजाऱ्याशेजाऱ्यांत दाट आणि दूर विरळ पडले. मोहल्ला कागदावर आला होता.

मार्गदर्शक खुर्चीतून उठले. पायांकडे बघायचं तुला कसं सुचलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लहानपणी वडिलांचा डबा घेऊन जायचे. पेढीच्या पायरीखाली चपलांपाशी बसायचे. तिथे शिकले." हे कसं तोंडातून निघालं, ठरवून की नकळत, ते मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. ते मात्र इतके हेलावले की माघार घ्यायची सोय उरली नाही. प्रबंधाच्या प्रास्ताविकात तेच वाक्य गेलं. व्याख्यानांना तीच सुरुवात झाली. सभागृहात कोणीतरी उसासा टाकायचं, नंतर येऊन हात हातात घ्यायचं. मला नोकरी लागली. पुष्पा पत्रात विचारी, पायांचं काय झालं वं? मी लिहायचे, कामाला आलं.

नऊ वर्षांनी घरी गेले. बाबा थकले होते, पण माझा जाडजूड प्रबंध दारावर येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत होते. पुष्पा कचेरीतून आली की शब्दकोश घेऊन तो वाचायला बसे. मी म्हटलं, कंटाळवाणं आहे, राहू दे. ती म्हणाली, तुझं आहे, वाचते. चौथ्या दिवशी बाबांनी तिला म्हटलं, मलेबी सांग ना, काय लिहिलं आहे. तिने प्रास्ताविक काढलं आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. आवाजात काही फरक नव्हता. चपलांचं वाक्य आलं, ते तिने इतर वाक्यांसारखंच सांगितलं.

बाबा गोंधळले. "शशी? शशी कुठं येत होती वं? तू येत होती."

"इंग्रजीत तसं लिहा लागते, बाबा," पुष्पा म्हणाली आणि पान उलटलं.

बाबांनी मान डोलावली. इंग्रजीत काय लिहावं लागतं, ते त्यांना कुठून माहीत असणार? मी तिथे खुर्चीवर बसले होते. तिने मला वाचवलं, आणि मला खरं सांगायचं तर कृतज्ञता वाटली नाही. वाटलं, हेसुद्धा हिलाच जमतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच होतो, ती कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्कल घेतली त्याचं मले काही वाटलं नाही. ते तर मीच पत्रात पाठवली होती. पण जागा काहून घेतली, ताई? तिथं यायची तर तुले लाज वाटे." मी बादलीतला पुढचा कपडा पिळून तिच्या हातात दिला. तिने पुन्हा विषय काढला नाही, आणि स्टेशनवर पोचवायला आली तेव्हा या वेळी ती रडली नाही.

परत आल्यावर त्या संशोधनाचा लेख छापायला द्यायचा होता. मी त्यावर दोन नावं घातली, माझं आणि पुष्पाचं, आणि ते वाक्य बदललं. धाकटी बहीण तिथे बसायची, लाजेपोटी मी जात नसे, असं लिहिलं. संपादकांचं पत्र आलं की प्रबंधातलं वाक्य अधिक परिणामकारक होतं. होतंच. पुढच्या व्याख्यानाला मी खरं सांगितलं, तर कोणी उसासा टाकला नाही आणि हात धरायलाही कोणी आलं नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या प्रबंधात जुनं वाक्य अजून तसंच आहे, ते बदलता येत नाही. छापील लेख मी पुष्पाला पाठवला. तिने पोच दिली आणि खाली लिहिलं की नकाशात मधल्या पायरीवरच्या ज्या एकट्या माणसाला तू सोडून दिलं, त्याच्यापाशी पुन्हा जाऊन पाह. मी पाहिलं. तिचं बरोबर होतं. पुन्हा तिचा तसाच हेवा वाटला.

बाबा जाऊन आता दोन वर्षं झाली. इथे मी माझ्या लहानपणाबद्दल काहीही सांगितलं तरी लोक माना डोलावतात, कारण खरंखोटं कोणालाच ठाऊक नाही. घर कुठे, असं कोणी विचारलं की मला गल्ली आठवत नाही. मी कुठे नव्हते हे ज्या एका माणसाला माहीत आहे, ते माणूस जिथे आहे ते घर. आणि त्या माणसाचा मला अजूनही हेवा वाटतो. तिच्या डोळ्यांचा नाही, ते सरलं. पायरीखाली डबा संपेपर्यंत बाबा रोज तिच्याशी काहीतरी बोलत असणार. काय बोलत, ते मी तिला कधी विचारलं नाही आणि आता विचारायचा धीर होत नाही. रोज सकाळी ते मलाही बोलवत होते, आणि मी गेले नाही.