माझ्या कॉन्ट्रॅक्टचं गाऱ्हाणं

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचो कॉन्ट्रॅक्ट सुटलो आसा. आठ म्हयने झाले, नवो गावना नाय. आता घर सोडून भायर जावची पाळी इली आसा..."

जत्रेची सकाळ होती. गावकार, म्हणजे देवळातले पहिले मानकरी, गाऱ्हाणं घालत होते. आमच्याकडे ज्याची जी अडचण असेल ती नारळ ठेवून गावकारांना सांगायची. ते ती देवापुढे मोठ्याने मांडतात आणि जमलेला गाव मागून "व्हय म्हाराजा" म्हणतो. लहानपणापासूनची सवय. मीही सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळा झालो. आधी वाटलं, कुणा रस्त्याच्या ठेकेदाराचं असेल. मग पुढे हात जोडून उभी असलेली माझी आई दिसली.

मी डेटाबेसचं काम करतो. डेटाबेस म्हणजे कंपनीची सगळी माहिती जिथे नीट रचून ठेवतात ती कोठी. कोठीत काही हरवलं, सडलं, दोनदा ठेवलं गेलं, की आमच्यासारख्यांना बोलावतात. पंधरा वर्षं पुण्यात पक्की नोकरी केली, पुढे कॉन्ट्रॅक्टवर गेलो. यात कंपनी सहा महिने किंवा वर्षभरासाठी घेते, काम संपलं की नमस्कार. घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा मी तारकर्लीच्या अलीकडे आमच्या घरी परतलो. बायको संध्या मालवणातल्या शाळेत शिकवायला लागली, मुलगी तिथेच शिकायला लागली. आई खूश होती. सहा वर्षं एकामागून एक कॉन्ट्रॅक्ट मिळत गेले आणि मला वाटायला लागलं की हे माझ्या हुशारीमुळेच चाललंय.

एप्रिलात शेवटचा कॉन्ट्रॅक्ट संपला. पुढचा आलाच नाही. रिक्रूटरचे, म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्यांचे, फोन यायचे. "सर, करंट लोकेशन?" मी मालवण सांगितलं की "कळवतो" म्हणून फोन ठेवायचे. एकाने, तिथे ऑफिस स्पेस आहे का, असं विचारलं. मी खिडकीबाहेर वाळत घातलेले बांगडे बघितले आणि आहे म्हणालो. दुसऱ्याने विचारलं, एआयमध्ये काय केलंय? बायोडेटातून मी जुनी पाच वर्षं काढून टाकली, म्हणजे वय कमी दिसेल. तरी इंटरव्ह्यूला कॅमेरा चालू करावाच लागायचा. अर्ज किती केले ते मोजणं मी ऑगस्टमध्ये सोडलं.

हे सगळं संध्याला ठाऊक होतं, इतर कुणाला नाही. रोज साडेनऊला मी खोलीचं दार लावायचो, कानाला हेडफोन लावायचो आणि मीटिंगमध्ये असल्यासारखा बसायचो. नोकरीच्या साइटवर प्रोफाइलच्या फोटोभोवती एक हिरवी पट्टी लावता येते. माणूस काम शोधतोय, असं ती सांगते. ती मी लावली नव्हती. जुन्या टीममधले लोक बघतील, ही लाज.

शेवटी हैदराबादचं एक काम आलं. रात्रपाळीचा सपोर्ट, रोज ऑफिसला हजेरी, दोन वर्षांचं बंधन. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. संध्याची आणि मुलीची शाळा इथे, आई इथे, म्हणजे एकट्यानेच जायचं. मुलगी दहावीला बसेल तेव्हा मी तिथल्या कुठल्यातरी पीजीत असणार होतो. मनातून मी हो म्हणून टाकलं होतं. शुक्रवारी जत्रा झाली की घरी सांगायचं, असं ठरवलं होतं.

देवळातून परत येताना मी आईवर चिडलो. "आये, गावासमोर कित्याक सांगितलंस?"

"देवाक सांगितलंय. गाव थंय होतो, तेका मी काय करू?"

तिला कसं कळलं ते विचारलं. ती म्हणाली, "आदी तू मिटिंगेत हसायचंस, कोणाशी तरी वाद घालायचंस. आठ म्हयने दाराआडसून एक शबूद भायर येवक नाय. परवा पयलो आयकलंय, तो हैदराबाद. माका काय कळना नाय?"

सहा वर्षं मी हसत-भांडत काम केलं याचा पुरावा आईने दाराबाहेरून गोळा करून ठेवला होता. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी चहा मागितला.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाने माझं करिअर हातात घेतलं. एकाने स्कूबाच्या बुकिंगला बस म्हणून सांगितलं. एकाने बंद पडलेला प्रिंटर आणून ओटीवर ठेवला. शेवटी दाजी आले. दाजी म्हणजे आमच्या वाडीचे जावई, देवगडचे आंबा व्यापारी, जत्रेसाठी सासुरवाडीला आलेले. त्यांनी पुण्यातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर पॅकिंग शेडमध्ये बसवलं होतं. गेला सीझनभर कंप्यूटर एक माल गेला म्हणत होता आणि ट्रकमध्ये भलताच माल निघत होता. यंदा ते बंद करायचा त्यांचा विचार होता. त्यांनी माझ्यासमोरच कंपनीच्या मॅनेजरला फोन लावला.

मॅनेजर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल. बोलायला सरळ होता. "सर, खरं सांगतो, नवीन माणूस घ्यायला बजेट नाही. आमचे चार इंजिनिअर सहा महिने हेच शोधतायत."

"काय सापडलं?"

"शेडमध्ये नेटवर्क जातं. डेटा दोनदा जात असेल."

मी म्हटलं, नोकरी नको, मला गेल्या सीझनचा डेटा फक्त बघायला द्या. बदल करायची परवानगी नको. दाजींनी मध्येच सांगितलं की हा आमचा माणूस आहे, तर द्या. शनिवारी सकाळी लॉगिन आलं.

डेटा स्वच्छ होता. दोनदा गेलेलं काही नव्हतं. फक्त कंप्यूटरने ज्या पेट्या ज्या गिऱ्हाइकाला नेमून दिल्या होत्या, त्या त्याला गेल्याच नव्हत्या, दुसऱ्याच गेल्या होत्या. आणि चूक विखुरलेली नव्हती, रोज एकाच पद्धतीची होती. नेटवर्क गेलं तर गोंधळ कसाही होतो. इतक्या शिस्तीत चूक होते तेव्हा तिच्यामागे माणूस असतो, हे मी एवढ्या वर्षांत शिकलो होतो. म्हणून मी दुपारीच देवगड गाठलं.

शेड रिकामी होती. कोपऱ्यात पेंढा आणि गेल्या सालच्या लाकडी पेट्या रचलेल्या. दाजींनी सुमनमावशींना बोलावून ठेवलं होतं. त्या वीस वर्षं आंबे भरतात, शेडमधल्या सगळ्या बायका त्यांचं ऐकतात. मी लॅपटॉप पेटीवर ठेवला आणि विचारलं, की कंप्यूटर एक सांगतो आणि जातं दुसरंच, असं का?

"कंप्यूटर चांगल्या गिरायकाक साताची पेटी घालूक सांगत होतो. आमी काय येडी? आमी चाराची घालत होतव."

पेटीचा आकार एकच असतो. मोठा आंबा असेल तर तिच्यात चारच डझन मावतात, ती चाराची पेटी. बारका असेल तर सात डझन बसतात, ती साताची. म्हणजे आकडा जितका लहान तितका माल भारी. देवगडात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुण्यातल्या इंजिनिअरनी त्या रकान्याला 'ग्रेड' असं नाव दिलं होतं आणि शाळेतल्या मार्कांसारखी सात ही सगळ्यात वरची ग्रेड धरली होती. कंप्यूटर रोज उलटी नेमणूक करायचा आणि बायका रोज गुपचूप ती सुलटी करायच्या. त्यामुळे गिऱ्हाईक कधी तक्रार करायचं नाही, फक्त हिशेब जुळायचा नाही.

"मावशी, मग हे कुणाला सांगितलं का नाही?"

"कोणाक सांगूचा? इचारूक कोण येवकच नाय."

परतीच्या बसमध्ये मला आधी हसू आलं आणि मग लाज वाटली. मावशींना निदान कुणी विचारलं नव्हतं. मला विचारायला आई रोज दारापर्यंत येत होती आणि मी आतून कडी लावत होतो.

रविवारी मी मॅनेजरला एका पानाची मेल लिहिली. चूक कुठे आहे, कशी झाली, दुरुस्त करायला काय लागेल. दुरुस्ती खरं तर दोन ओळींची होती. पण त्याखाली मी आणखी सहा रकाने लिहिले, जे शेडमध्ये एका अर्थाने वापरतात आणि प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या. नवा सीझन सुरू व्हायच्या आत ते तपासले पाहिजेत, आणि त्यासाठी इथे राहणारा माणूस लागेल, असंही लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा लोकेशनच्या पुढे मी मालवण ठळक अक्षरांत टाइप केलं.

सोमवारी अकराला हैदराबादच्या एचआर बाईंचा फोन आला. पुण्याहून अजून काहीच नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत वेळ मागितला. त्या म्हणाल्या, दोन वाजेपर्यंत. मी दार उघडं टाकून बसलो. आई समोर ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने एकदाही वळून बघितलं नाही, आणि ती किती मुद्दाम बघत नाहीये ते मला दिसत होतं.

दीड वाजता मॅनेजरचा फोन आला. "सर, माझ्या चारही इंजिनिअरना मेल वाचून दाखवली. तीन महिन्यांचं बजेट काढलंय. रेट तुमच्या जुन्या रेटपेक्षा कमी आहे. चालेल?"

मी चालेल म्हणालो. मग उगाच एका रकान्यावरून त्याच्याशी दहा मिनिटं वाद घातला. फोन ठेवला तेव्हा आई दारात उभी होती. "झाला काम?" तिने विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. मग दोनच्या आत हैदराबादला नकार कळवला.

बाजार अजूनही मंदच आहे. माझे दोन जुने सहकारी अजून शोधात आहेत, तेव्हा माझी फार मोठी अक्कल चालली असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो, की काम नसेल तर दार लावून बसू नका. हिरवी पट्टी मी त्याच आठवड्यात लावली. तिच्यावरून आजवर एकही फोन आलेला नाही, पण ती काढलेली नाही.

गाऱ्हाणं पुरं झालं की देवाला ते कळवावं लागतं. पुढच्या सोमवारी आई मला घेऊन देवळात गेली. गावकारांनी नारळ हातात घेतला आणि मला विचारलं, "किती म्हयन्यांचो?"

"तीन."

त्यांनी मान डोलावली आणि देवाकडे वळले. "बा देवा म्हाराजा, लेकराचो कॉन्ट्रॅक्ट झालो, तुझी किरपा. पण तो तीनच म्हयन्यांचो आसा. तर तेचा पुढचाही तूच बघ, म्हाराजा."

देवळात त्या दिवशी आम्ही पाच-सहाच माणसं होतो. सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा" मीच म्हणालो.