खुनी सहाव्या रिळात सापडला

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सत्तावीस वर्षं एकाच थिएटरात ऑपरेटर होते. सिनेमा चांगला चालला की नाव नटांचं होतं आणि फिल्म तुटली की शिव्या ऑपरेटरला बसतात. भावोजींना शिव्या कधी बसल्या नाहीत, कारण त्यांच्या हातून फिल्म तुटतच नसे. जोडलेली फिल्म ते अंगठ्याने चाचपून पाहायचे आणि सांधा लागला तर परत कापून जोडायचे. नाकावर माशी बसू देत नसत. रिळांच्या डब्यांना दुसऱ्या कुणी हात लावला की त्या माणसाचा दिवस वाईट जायचा.

मी खाली तिकीट खिडकीवर. ही नोकरीही भावोजींनीच लावून दिली. मी शिक्षणात दिवे लावल्यावर ताईने त्यांच्याकडे शब्द टाकला, त्यांनी मालकांकडे टाकला, आणि मी त्या जाळीच्या खिडकीमागे जाऊन बसलो. इंटरव्हलला चहाचे दोन कप घेऊन मी वर केबिनमध्ये जायचो. तेवढ्या दहा मिनिटांत ते मशीनला तेल घालायचे, माझी हजेरी घ्यायचे आणि चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरायचे.

त्यांना खरं वेड होतं खुनाच्या सिनेमांचं. असला सिनेमा लागला की ते भिंतीतल्या चौकोनी भोकापाशी स्टूल ओढून बसत आणि तिसऱ्या रिळात खुनी ओळखत. चुकले असं मला तरी आठवत नाही. ताई म्हणायची, "अहो, घरात चष्मा कुठे ठेवलाय ते सापडत नाही, आणि निघालेत खुनी शोधायला." त्यावर ते चष्मा लावायचंच बंद करायचे. असा एकूण हट्टी कारभार.

अशात तो सिनेमा आला. हेरपटांची टवाळी उडवणारा. त्यातला गुप्तहेर ताटाएवढं भिंग घेऊन फिरायचा, स्वतःच्याच बुटांचे ठसे मोजायचा आणि त्या ठशांच्या मागोमाग जाऊन स्वतःलाच बेड्या घालायचा. बंगल्यातल्या म्हाताऱ्याचा खून झालेला, आणि विधवा, डॉक्टर, पुतण्या, आचारी सगळेच संशयित. भावोजींनी पहिल्या दिवशी पाच मिनिटं पाहिलं आणि स्टूल फिरवून भोकाकडे पाठ केली. "खुनाची थट्टा करतात लेकाचे. एक पुरावा धड नाही." त्यानंतर रीळ संपत आल्याची घंटी वाजली की उठायचं, दुसऱ्या मशीनवरचं पुढचं रीळ चालू करायचं, परत पाठ. आख्ख्या मुक्कामात त्यांनी त्या सिनेमाकडे ढुंकून पाहिलं नाही.

सिनेमा यायचा गोल पत्र्याच्या डब्यांतून, प्रत्येक डब्यावर रंगाने इंग्रजी आकडा. गोल डब्याला खालची बाजू वरची बाजू काही नसते, म्हणून सहा आणि नऊ या आकड्यांखाली एक रेघ मारायची पद्धत. त्या डब्यांवरची रेघ झिजून दोऱ्याएवढी उरली होती. भावोजींनी पहिल्या दिवशी डबे फळीवर लावले, आणि सहाच्या जागी नऊ गेला, नवाच्या जागी सहा. एकदा लावलेली फळी मग रोज तशीच.

झालं असं, की इंटरव्हलनंतर लोक शेंगदाण्यांच्या पुड्या घेऊन जागेवर बसतात न बसतात तोच गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून आचाऱ्याला खुनी ठरवायचा. आचारी ढसाढसा रडून गुन्हा कबूल करायचा. आणि पुढच्याच रिळात तोच आचारी गुप्तहेराला सूप वाढतोय, गुप्तहेर मिटक्या मारत म्हणतोय, "खुनी कोण, काही पत्ता लागत नाही बुवा!" थिएटर हसून कोसळायचं. पुढे आणखी दोन रिळांनी कपाटातून प्रेत पडायचं आणि तो पहिल्यांदाच खून झालाय हे कळल्यासारखा किंचाळायचा. लोकांना वाटलं, हीच तर गंमत आहे. बायाबापड्या डोळे पुसत बाहेर यायच्या आणि उद्याची तिकिटं घेऊन जायच्या.

तिसऱ्या दिवशी मी खिडकी बंद करून मागच्या रांगेत उभा राहिलो. मीही खूप हसलो. पुढच्या खेळाच्या इंटरव्हलला चहा घेऊन वर जाताना मनात आलं, एवढा वेंधळा लेखक असेल तरी कसा? केबिनमध्ये भावोजी फळीपाशी पाठमोरे होते. डबा डोळ्यांशी नेऊन, मग बोटांनी चाचपून ते काढत होते. सहाव्या जागेवरच्या डब्यावर ती बारीक रेघ आकड्याच्या वर होती. म्हणजे डबा उलटा होता. मला दारातून दिसली, त्यांना नाकाजवळ धरून दिसली नाही. "मशीनच्या या कार्बनच्या दिव्याभोवती हल्ली कडं दिसतं," ते म्हणाले, "माल हलका येतोय." आणि माझ्या हातातला कप घेताना त्यांचा हात कपाच्या चार बोटं अलीकडे थांबला.

मला त्या क्षणी दोन्ही गोष्टी कळल्या. रिळाचीही आणि डोळ्यांचीही. नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं की डोळ्यांचं लक्षात आलं नव्हतं. खोटं आहे ते.

मी गप्प बसलो. का बसलो? एक तर त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या अभिमानाला मी कोण टाचणी लावणार, असं वाटलं. पण खरं कारण याहून हलकं होतं. कित्येक वर्षांत न लागलेली 'हाउसफुल्ल'ची पाटी रोज मी माझ्या हाताने लावत होतो. जाळीपलीकडे लोक मला 'साहेब' म्हणून दोन तिकिटांसाठी गळ घालत होते. मालक पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "तुझा हात लागला की गर्दी होते रे." चार दिवसांचं कौतुक मला सोडवेना. सिनेमा उतरला की सांगू, असं ठरवलं, आणि सिनेमा काही उतरेना.

रोज तीन खेळ, महिन्याभरात शंभर झाले. शंभराव्या खेळाला खुद्द दिग्दर्शक आला. दुपारचा खेळ, पहिल्या रांगेत त्याची खुर्ची. इंटरव्हलनंतर तो ताडकन उभा राहिला. मग त्याने वळून लोकांकडे पाहिलं. सगळं थिएटर हसत होतं. तो हळूच खाली बसला आणि थोड्या वेळाने तोही हसायला लागला. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं.

खेळ संपल्यावर तो स्टेजवर चढला आणि ऑपरेटरला बोलवा म्हणाला. भावोजी सत्तावीस वर्षांत पडद्यासमोर कधी आले नव्हते. शर्टाची वरची गुंडी लावत, हाताचं तेल फडक्याला पुसत आले. त्यांना वाटलं असावं, सत्कार आहे. चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला संकोच होता.

"मंडळी," दिग्दर्शक माइकवर म्हणाला, "हा सिनेमा करायला मला दोन वर्षं लागली. या गृहस्थांनी सहाव्या रिळाच्या जागी नववं लावलं आणि माझ्यापेक्षा चांगला केला!"

भावोजींनी त्याच्याकडे पाहिलं. हलक्या आवाजात विचारलं, पण माइक जवळ होता. "कधीपासून?"

"लोकांना विचारलं मी. पहिल्या दिवसापासून!"

सिनेमालाही आलं नसेल असं हसू आलं. टाळ्या, शिट्ट्या. भावोजींनी हात जोडले आणि पायाने पायरी चाचपत खाली उतरले. बाहेर लोकांनी त्यांना घेरलं. डोअरकीपर, कॅन्टीनवाला, मालक, जो तो विचारत होता, "अहो, हे झालं कसं?" ते गर्दीतून वाट काढत जिन्याकडे निघाले; मी बाजूलाच उभा होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी केबिनच्या किल्ल्या मालकांच्या टेबलावर ठेवल्या. मालकांनी हातापाया पडून पाहिलं, पण गडी बधला नाही.

मग ताईने त्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, दाब इतका वाढलाय की गेलेली नजर आता येणार नाही. महिनाभर आधी आणलं असतं, तर पुष्कळ वाचली असती.

महिनाभर. मला हिशेब करायला बोटं लागली नाहीत.

ताई माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "वर एकटेच असायचे रे. कुणी बघणारं नाही. तू बिचारा खाली खिडकीवर, तुला तरी कसं कळणार?" मी तिला पाणी दिलं. तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हो ना."

पुढच्या दोन वर्षांत भावोजींची नजर पूर्ण गेली. दर रविवारी मी त्यांना पेपर वाचून दाखवायला जाऊ लागलो. लोक म्हणायचे, मेहुणा असावा तर असा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. असं अकरा वर्षं चाललं. एका रविवारी ताई भाजी आणायला गेली होती. मी एका खुनाची बातमी वाचत होतो, ती अर्धवट सोडली. पेपर खाली ठेवला आणि सांगून टाकलं. "भावोजी, मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. रिळाचं पण, तुमच्या डोळ्यांचं पण."

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "माहीत आहे."

"कसं?"

"त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, हे झालं कसं म्हणून. तू एकट्याने विचारलं नाहीस."

मला रडू आवरेना. म्हणालो, आज ताईला सांगून टाकतो, मग ती मला घराबाहेर काढो नाही तर जोड्याने मारो. त्यांनी हात पुढे केला, हवेत माझा खांदा शोधला आणि घट्ट धरला.

"अजिबात सांगायचं नाही," ते म्हणाले. "डोळे गेले ते माझे गेले. तिला भाऊ एकच आहे."