कवितेच्या पानावर बोंबील

सुके बोंबील माझ्या पायांवर येऊन पडले. पाठोपाठ वर्तमानपत्राचं पान. समोरासमोरची दारं उघडली, माणसं बघायला आली. मी खाली बसून बोंबील गोळा करत होते.

"माझी कविता तुला मासळी बांधायला मिळाली?" साहेब म्हणाले.

ते पान कुठून आलं ते सांगते. आम्ही पाचूबंदरचे कोळी. बाप समुद्रात बुडाला, तेव्हापासून आई सुकी मासळी घेऊन बोळिंजच्या बिल्डिंगींमध्ये फिरायची. तिचे गुडघे गेले तेव्हा मी कॉलेज सोडलं आणि टोपली उचलली. मासळी बांधायला रद्दी लागते. रद्दीचा गठ्ठा आणला की आई आधी तो चाळायची. देवाचा फोटो असलेलं पान बाजूला. मग तो गणपती असो की येशू, देवाला मासळीचा वास लावायचा नाही. तिला वाचता येत नाही, फोटो तेवढे कळतात.

मी कविता बाजूला काढायचे. जुन्या रविवारच्या पुरवण्यांत कुठेतरी कोपऱ्यात असायच्या, मलमाच्या जाहिरातीला खेटून. आमच्या घरात पुस्तक नव्हतं. कविता माझ्याकडे आली ती रद्दीतून, वडापावच्या तेलाचे डाग घेऊन. बाप गेला तेव्हा मला रडू येत नव्हतं. पुढे कुणा अनोळखी माणसाच्या पुण्यस्मरणाखाली छापलेल्या चार ओळी वाचल्या आणि मी हमसून हमसून रडले. त्याच दिवशी मी लिहायला लागले.

साहेबांच्या दारावरचं नाव ओळखीचं वाटलं. घरी येऊन शोधलं. समुद्रावरची एक कविता मी जपून ठेवली होती, तिच्याखाली तेच नाव. पुढच्या खेपेला ते पान सोबत नेलं. बोंबील दुसऱ्या कागदात बांधले आणि पुडीवर ते पान ठेवलं. त्यांना कळावं, की मी वाचते. मला वाटलं, आत बोलावतील. एवढी मूर्ख होते मी.

हे पान मी जपून ठेवलं होतं, असं मी बोंबील गोळा करता करता त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं? आधी हात धुऊन ये."

समुद्रावर लिहिणारा माणूस. त्याला समुद्राचा वास नको होता.

साहेबांच्या तक्रारीवरून दोन दिवसांत सोसायटीने मासळीवाल्यांना गेट बंद केलं. मला एकटीला नाही, पाचूबंदरच्या सगळ्या बायकांना. ज्यांच्याबरोबर टेम्पोत बसून यायचे, त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. गेटबाहेर उन्हात बसलो तर गिऱ्हाईक थांबेना. आईने एवढंच विचारलं, "तुला कोनी सांगितलं व्हतं वाचाला?" मग मी जपलेल्या कवितांच्या पानांचा गठ्ठा तिने काढला आणि एकेका पानात सुकट बांधत गेली. मी तिला अडवलं नाही. तिचं काय चुकलं होतं? त्या दिवसांत मला शब्दांचीच किळस आली होती. रिक्षाच्या मागे शेर लिहिलेला दिसला तरी मान फिरवायचे.

फेब्रुवारीत गेटवर बॅनर लागला. मराठी भाषा दिन, कविसंमेलन, अध्यक्ष आमचे साहेब. सेक्रेटरी स्वतः माझ्याजवळ आले. गोड बोलले. ग्रंथदिंडीत पुढे एक खरी कोळीण हवी होती. नऊवारी लुगडं, अंगावर दागिने, डोक्यावर टोपली. टोपलीत कवितांची पुस्तकं. ती नेऊन अध्यक्षांच्या पायाशी ठेवायची. तेवढं केलं की सगळ्या बायकांना पुन्हा आत सोडू, असा कमिटीचा शब्द होता.

शेजारच्या मावशीने माझा हात घट्ट धरला. तिच्या घरात नातीचं आजारपण होतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. हो म्हणायला काय जात होतं? मी हो म्हणणारही होते. फक्त एक विचारलं, मीही लिहिते, एक कविता वाचू का तिथे?

सेक्रेटरी हसले. चिडून नाही, अगदी प्रेमाने. म्हणाले, "तू फक्त उभी राहा गं. बोलायचं काही नाही."

त्या हसण्याने माझ्या आत काहीतरी तुटलं. साहेबांनी केलेल्या अपमानाने तुटलं नव्हतं ते.

"मग टोपली तुम्हीच घ्या डोक्यावर," मी म्हणाले. "मी येणार नाही."

मावशीने हात सोडला. परत जाताना टेम्पोत कुणी माझ्याशेजारी बसलं नाही. आईला सांगितलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली. तिच्या गुडघ्यांचं औषध तेव्हापासून बंद आहे. गेट आजही बंद आहे. हे मी केलं, आणि त्याची किंमत माझ्याबरोबर त्यांनीही भरली. रात्री झोप लागत नाही. कुणी मला शाबासकी देऊ नये.

पण पुन्हा विचारलं तरी हेच सांगेन. मी परत लिहायला लागले आहे. ते कुठल्या पुरवणीला पाठवणार नाही, कुठल्या साहेबाला दाखवणार नाही, कुणाच्या दारात नेणार नाही. मासळीचा लिलाव संपला की बंदरावर मोठ्याने वाचणार आहे. आमच्या बायका आज तोंड फिरवून बसतात. बसू देत, कान तर उघडे आहेत. बाकी ज्याला ऐकायचं असेल त्याने पाचूबंदरला यावं आणि आमच्यात खाली बसावं.