बिज्जूच्या केसांचा ब्रश

बाबांनी कधी एका दिवसाचीही दाढी वाढू दिली नव्हती. प्लांटमध्ये त्यांचं काम गॅसच्या पाइपलाइनवर. तिथे तोंडाला मास्क लावूनच जावं लागे, आणि गालावर खुंट असले तर मास्कचं रबर कातडीला चिकटत नाही, फटीतून गॅस आत येतो. म्हणून फर्स्ट शिफ्ट असली तरी अंधारात उठून दाढी व्हायचीच. ती झाली की एका कानापासून हनुवटीखालून दुसऱ्या कानापर्यंत, रबर टेकतं त्या रेषेवर ते तळहात फिरवायचे आणि आईला सांगायचे, "सील ओके." मग डबा उचलायचा. रिटायर होऊन बोरसीत घर बांधल्यावरही हे सुटलं नाही. रविवारीसुद्धा नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. बोलणं लवकर परत आलं, पायही आला, उजवा हात मात्र मागे राहिला. फिजिओथेरपिस्टने स्पष्ट सांगितलं होतं की बोटांत हालचाल आहे. हात वापरला तर सुधारेल, पडू दिला तर आखडेल. त्याने दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो पलंगाखाली घरंगळू दिला. न्हावी घरी बोलावला, तर तोंड भिंतीकडे. मी रेझर घेऊन बसले, तर म्हणाले, "आता कोनत्या ड्युटीवर जाचं हाय मले?"

दाढी वाढत गेली. दिसायला वाईट नव्हती. पण त्यांच्या लेखी दाढी वाढलेला माणूस कामावर घेण्याजोगा नसतो, आणि त्यांनी स्वतःला तसं ठरवून टाकलं होतं.

चेंडूशी त्यांची ओळख नव्हती. ब्रश त्यांनी उभा जन्म हातात धरला होता. एवढाच विचार करून मी त्यांचा जुना ब्रश काढून पाहिला. नायलॉनचा, राठ; फेस यायला जोर लावून घासावं लागे, आणि जोरच तर नव्हता. शिवाय उजवा गाल अजून चुरचुरायचा.

सुपेल्याच्या बाजारात सलूनच्या सामानाचं एक दुकान आहे. दुकानदाराला अडचण सांगितली, तर त्याने वरच्या फळीवरून धूळ बसलेलं खोकं काढलं. आत बॅजरच्या केसांचे ब्रश. हे केस पाणी धरून ठेवतात, नुसता हात फिरवला तरी फेस येतो, असं तो म्हणाला. बॅजर म्हणजे काय, मी विचारलं.

"बिज्जू समझ लो, दीदी. बाहर देश का."

त्यातला सगळ्यात मऊ, सगळ्यात देखणा, बारीक कमरेचा ब्रश घेऊन मी निघाले.

आमच्याकडे बिज्जू म्हणजे रात्री मसणात जाऊन पुरलेलं उकरणारं जनावर, अशी पक्की समजूत. नाव ऐकताच आईने ब्रश चिमट्यात धरला. "मेलेल्याईले खानाऱ्याचे केस तोंडाले लावाचे?" मी समजावलं की हा परदेशातला, बिळात राहणारा वेगळाच प्राणी आहे, मसणाशी त्याचा संबंध नाही. ती बरं म्हणाली. मी कुरुदला माझ्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी येते तो आईने ब्रश शुद्ध करून ठेवलेला. पातेल्यात पाणी उकळून, त्यात मीठ आणि हळद घालून. केसांच्या मुळाशी असलेला गोंद सुटला होता आणि बिज्जू पाण्यावर तरंगत होता.

मी काही बोलायच्या आत पलंगावरून आवाज आला. "बुढीनं बिज्जूचा रस्सा केला."

आणि बाबा हसले. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसले. तुमच्याच गालासाठी केलं ना, म्हणून आई चिडली. बाबांनी तो टक्कल पडलेला ब्रश मागून घेतला आणि डाव्या हाताने उजव्या हातात ठेवला. तो सरळ निसटून चादरीवर पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला.

"कंबर पाहूनच घेतला का तू?" ते मला म्हणाले. "धराले काही नाही याले. मले संगं ने."

आजारपणानंतर ते दवाखान्याखेरीज कुठे गेले नव्हते. मी लगेच ऑटो बोलावला. मत बदलायला सवड ठेवली नाही.

दुकानात त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांनी खोक्यातले सगळे ब्रश काचेवर उभे करायला लावले आणि एकेक उजव्या हातात घ्यायला सुरुवात केली. बोटं मिटायला वेळ लागत होता. एक चकचकीत मुठीचा ब्रश निसटला आणि फरशीवर गडगडत गेला. दुकानदाराने उचलला, पुसला, बाजूला ठेवला.

"ये नहीं चलेगा, बाबूजी."

"नहीं चलेगा," बाबा म्हणाले आणि पुढचा घेतला. जो चेंडू त्यांनी पलंगाखाली घालवला होता, त्याचा सगळा व्यायाम त्या काउंटरवर होत होता.

मग त्यांनी पाणी मागितलं. दुकानदार जरा घुटमळला, कारण भिजलेला ब्रश नवा म्हणून कोण घेणार. तरी प्लास्टिकच्या डब्यात आणून दिलं. बाबांनी दोन ब्रश भिजवून डाव्या मनगटावर फिरवले. मऊ होता तो आडवाच पडला. दुसरा जरा ताठ, रंगाने मातकट, लाकडी मूठ भोवऱ्यासारखी फुगीर. तो त्यांच्या हातात बसला आणि बसून राहिला. याच घाटाचा, पण दिसायला बरा असा एक बाजूलाच होता. मी तो पुढे केला.

"लगन लावाचं हाय का त्याचं?" बाबा म्हणाले.

परतताना पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली नाही. उजव्या मनगटात अडकवली.

दुसऱ्या सकाळी आईने पाणी कोमट केलं आणि तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाहावं तसं त्यात कोपर बुडवून पाहिलं. बिज्जूचा विषय तिने काढला नाही. मुठीला हळदीकुंकवाचं बोट तेवढं लावलं. वाढलेले केस आधी मी कात्रीने उतरवले, त्याला बाबांनी हरकत घेतली नाही. ब्रश मात्र त्यांनी घेतला. हात गालापर्यंत पोचायला वेळ लागला. कोपराखाली डावा हात आधाराला आला, थोड्या वेळाने त्यांनीच तो काढून घेतला. फेस कानात गेला, बनियनवर सांडला आणि गालावरही आला. रेझर कोणी धरायचा यावर आमचं थोडं वाजलं. शेवटी ब्रश त्यांचा, रेझर सध्या माझा, असं ठरलं. 'सध्या' हा शब्द त्यांनी घातला.

दाढी झाली. मी टॉवेलने तोंड पुसलं. तेव्हा त्यांचा उजवा हात वर आला. बोटं पूर्ण उघडत नाहीत, तरी तळहात एका कानापासून निघाला आणि हनुवटीखालून हळूहळू पलीकडे गेला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. डाव्या कानाखाली हात थांबला.

"लीक हाय," बाबा म्हणाले.

मी वाकून पाहिलं. चार खुंट खरंच राहिले होते. मी रेझर उचलला.

"थांब. आधी फेस." आणि त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला.