मुश्ताक डॉक्टर आणि निळं मीटर

मुश्ताक डॉक्टरांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही की सर्टिफिकेटं पाहिली नाहीत. "हात दाखवा," म्हणाले. मी दचकलेच. लॅब टेक्निशियनच्या मुलाखतीला आले होते मी, भविष्य बघायला नव्हे! तरी हात पुढे केला. त्यांनी माझ्या बोटांची टोकं खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "कापूस नाही वेचला तुम्ही कधी."

"नाही वेचला," मी तडकून म्हणाले. "पण रक्त काढता येतं मला."

"मंग या उद्यापासून. इथं ज्यायचं रक्त काढा लागते, त्यायनं सारा जनम कापूसच वेचला हाय."

हे सगळं उभ्या उभ्या झालं. त्या माणसाला पाठ टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. मारेगावच्या बाजूला आमचं ट्रस्टचं छोटंसं हॉस्पिटल होतं, आणि डॉक्टर त्यात सकाळपासून नुसते भिरभिरत असायचे. चहासुद्धा चालता चालता प्यायचे आणि कप कुठल्या तरी खाटेखाली विसरायचे. "बसा हो जरा," म्हटलं की म्हणायचे, "बसा म्हनू नका मले, बसलो की फाटकातून जीप येते." त्या वर्षांत जीप यायचीही तशीच. कापसाचे हाल होते, आणि जीपमधून उतरवलेल्या माणसाच्या तोंडाला फवारणीच्या औषधाचा वास असायचा. डॉक्टरांचे कान कायम फाटकाकडे लागलेले. त्यांच्या जवळ उभं राहिलं की आपलाही जीव उगाच खालीवर व्हायचा.

बोटं बघायची सवय मात्र त्यांना त्यांच्या अम्मीमुळे लागली होती. वडील कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये फिटर आणि अम्मी वेचणीला जायची. "बोंडाची टोकं टोचून टोचून अम्मीची बोटं अशी झालती, की सुई टोचली तं तिले समजतच नोतं," असं एकदा म्हणाले होते. पेशंटचा हात हातात घेतल्याशिवाय ते बोलायला सुरुवातच करत नसत.

ट्रस्टने मधुमेहाचा वेगळा वॉर्ड काढायचं ठरवलं तेव्हा खरी धांदल सुरू झाली. वॉर्डातल्या सिस्टरजवळ बोटातल्या थेंबावर साखर सांगणारं मीटर हवं होतं, कारण माझ्या लॅबचा रिपोर्ट यायला वेळ लागायचा आणि बेशुद्ध माणूस काही थांबत नाही. तीन कंपन्यांची मीटरं आली. अध्यक्षांना त्यातलं निळं एकदम आवडलं. मोठे आकडे, गोजिरवाणं रूप, वर झिपचं पाकीट. उद्घाटनाचा बॅनरही रंगवून झाला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि आमचे डॉक्टर टेबलाभोवती चकरा मारत म्हणाले, "पाहू ना पहिले. घाई कायले करून राह्यले?"

निळ्या मीटरचा एजंट पेढे घेऊन आला होता. प्रात्यक्षिक म्हणून त्याने स्वतःचंच बोट टोचलं, आणि आकडा आला दोनशे ऐंशी! बिचारा पांढराफटक पडला. "सर, मला शुगर झाली का हो?"

"पेढा खाऊन हात धुतले का?" डॉक्टरांनी विचारलं. नव्हते धुतले. साबणाने धुवायला लावून पुन्हा टोचलं, तर सत्त्याण्णव. आम्ही पोट धरून हसलो. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. "हे बरं झालं, समजलं. आता आपल्या बायांवर लावून पाहू. बोटातलं रक्त मीटरवर आन त्याच वक्ताले नसेतलं लॅबमंधी. दोन्ही आकडे जुळले पाह्यजे."

म्हणजे माझ्या डोक्याला ताप. रोजचं काम आवरून हे वेगळंच. मी कुरकुरले, तर म्हणाले, "बोलून घ्या मॅडम, पन करा."

दोन दिवस काम झालं आणि यवतमाळच्या कोर्टातून त्यांना साक्षीचं बोलावणं आलं. विषाच्या केसमध्ये डॉक्टरला जावंच लागतं. ते गेले आणि अध्यक्षांनी सिस्टरला सांगितलं, "निळं वापरा आजपासून. डॉक्टरांचं काय, ते चकराच मारत राहतील."

जुन्या वॉर्डात तेव्हा वच्छलाबाई होती. कापूस वेचणारी, चाळिशीची, इन्सुलिनवर असलेली. अंगात रक्त म्हणाल तर नावाला. तिचं हिमोग्लोबिन पाचाच्या वर मी कधी पाहिलंच नव्हतं. तरी बोलायला फटाकडी! टोचायला गेलं की म्हणायची, "घ्या बाप्पा, सारं काढून घ्या, वाटीभर ठेवा मले." त्या दिवशी इन्सुलिन घेऊन तिने जेवण तसंच ठेवलं. संध्याकाळी म्हणू लागली, "सिस्टर, मले गरगरून राह्यलं." सिस्टरने निळ्या मीटरवर तपासलं. एकशे अठरा. "शुगर चांगली हाय मावशी, पडून राहा." सिस्टरची काय चूक? मीच असते तरी तेच म्हटलं असतं.

मी घरी निघायला चपला घालत होते, तेवढ्यात डॉक्टर एस.टी.तून उतरून बॅगेसकट थेट वॉर्डात शिरले. वच्छलाबाईचा हात हातात घेतला आणि ओरडले, "सिस्टर, ग्लुकोज आना! मॅडम, पहिले रक्त काढा हिचं!" हात गारठलेला, घामाने ओला. मी रक्त काढलं आणि पळत लॅबमध्ये गेले. बावन्न! मीटर एकशे अठरा म्हणत होतं आणि बाई बावन्नवर होती. रक्तात लाल पेशी कमी असल्या की त्या मीटरचा आकडा खऱ्याच्या वर जायचा. तसं माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. धडधाकट माणसांवर सगळं बरोबर यायचं, आणि आमच्या वॉर्डात धडधाकट बाई शोधूनही सापडली नसती.

मी परत येईपर्यंत वच्छलाबाई डोळे उघडून विचारत होती, "माह्यं जेवन कोनं नेलं?" मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष हार घेऊन आले. "डॉक्टर, तुमचा हातच मीटर आहे!"

डॉक्टर एवढे चिडलेले मी तेव्हाच पाहिले. "काल मी होतो. मी नसलो तं? माह्या हाताची ऑर्डर देता का कंपनीले? एस.टी. पंक्चर झाली असती तं गेलती ना ती बाई!" हार तसाच टेबलावर राहिला.

मग निळं मीटर परत गेलं, बॅनर गुंडाळून ठेवला, आणि आम्ही वॉर्डातल्या एकूण एक फिकट बाईचं बोट आणि नस पुन्हा जुळवत बसलो. आता मी कुरकुरत नव्हते. उरलेल्या दोनांतल्या एकाला थेंब मोठा लागायचा, आणि त्या निबर बोटांतून तेवढा निघायचाच नाही. राहिलं काळं, ओबडधोबड, बारीक आकड्यांचं. ते एवढ्याशा थेंबावर चालायचं आणि वच्छलाबाईच्या रक्तावरही माझ्या लॅबला धरून राहायचं. "दिसायले माह्यासारखं हाय," डॉक्टर म्हणाले, "पन खोटं बोलत नाही." उद्घाटन झालं आणि ऑर्डरही गेली.

"आता तरी बसा," मी म्हटलं. ते टेबलाच्या कडेला जेमतेम टेकले आणि लगेच उठले. "सिस्टरनं डबीचं झाकन लावलं का पाहून येतो. मीटरच्या पट्ट्या दमट झाल्या तं काळंही खोटं बोलन." नव्या येणाऱ्या प्रत्येक सिस्टरकडून ते सगळं गिरवून घ्यायचे. ती रडकुंडीला आली तरी सोडायचे नाहीत. वर तेच पालुपद: "मी नसलो तं?"

आणि एक दिवस ते खरंच नव्हते. सकाळी घराच्या अंगणात चकरा मारता मारताच कोसळले. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पांढऱ्या चादरीखाली इतके निवांत, की मला ते डॉक्टर वाटेचनात. दुपारी मी हॉस्पिटलला परतले, कारण लॅब बंद ठेवलेली त्यांना खपली नसती.

तेवढ्यात ऑटोतून वच्छलाबाईला उतरवलं. घामाने चिंब, बोलणं बरळल्यासारखं. डॉक्टर कुणी जागेवर नव्हते, सगळे कब्रस्तानात. ड्युटीवर महिन्याभरापूर्वी लागलेली सिस्टर. पोरीने तिचा हात साबणाने धुतला, पुसला, बोटाच्या कडेला टोचलं, काळं मीटर लावलं. अडतीस. एका क्षणाचाही विचार न करता तिने ग्लुकोज सुरू केलं. मी सवयीने रक्त लॅबमध्ये नेलं. चाळीस.

मी परत आले तेव्हा वच्छलाबाई उशीला टेकून बसली होती. मला पाहून तिने हात पुढे केला.

"डाक्टर कुठी गेले वं? आज हात नाही पाह्यला माह्या."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी तो हात हातात घेतला. बोटं निबर होती, कोरडी होती, आणि गरम होती.